बसमध्ये जीव घाबरा होतो, तपासण्या मात्र सर्व ठीक आहेत. स्वतः काय करता येईल?

गिरणाकाठ (जळगाव) : प्रश्न

नमस्कार. माझे वय 36 वर्षे असून मी जळगावातील चटईच्या एका कारखान्यात हिशेबनीस आहे. गेल्या वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पत्नी माहेरी धुळ्याला गेली होती. सण झाल्यावर तिला आणि मुलीला घेऊन येण्यासाठी मी एस.टी.ने निघालो. दुपारची वेळ होती, बस खचाखच भरली होती आणि खिडकीतून येणारा वारा अक्षरशः भाजत होता. पारोळा सोडल्यानंतर थोड्याच वेळात छातीत एकाएकी धडधड सुरू झाली. श्वास पुरेनासा झाला, दोन्ही हातांच्या बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या आल्या, आजूबाजूचे लोक काचेपलीकडे असल्यासारखे दूर वाटू लागले आणि आपण आता इथेच मरणार, अशी माझी पक्की खात्री झाली. मी वाहकाला विनवून बस थांबवली आणि मुकटीच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला एका निंबाखाली बसून राहिलो. काही वेळाने सारे आपोआप ओसरले. त्यानंतर मेहुण्याने येऊन मला दवाखान्यात नेले.

ईसीजी, टूडी इको, रक्तातील साखर, हिमोग्लोबिन, थायरॉईड हे सर्व तपासून झाले आहे आणि सर्व ठीक आहे. डॉक्टरांनी हा पॅनिक अटॅक असल्याचे सांगितले, टेन्शन घेऊ नका म्हणाले आणि झोपेच्या आधी घेण्यासाठी काही दिवसांच्या गोळ्या दिल्या. त्या संपून बरेच महिने झाले. त्यानंतर मला असे झटके चार वेळा आले : एकदा भुसावळच्या गाडीत, एकदा बँकेच्या रांगेत, एकदा लग्नाच्या पंगतीत आणि एकदा घरी, विनाकारण. आता परिस्थिती अशी आहे की मी एस.टी.त बसतच नाही. कुठे जायचेच झाले तर भावाच्या मोटारसायकलवर मागे बसून जातो. खिशात पाण्याची बाटली, कांदा आणि उरलेली एक गोळी असल्याशिवाय घराबाहेर पाऊल टाकत नाही. रांग लांब असेल तर परत फिरतो. मुलीच्या शाळेच्या कार्यक्रमात मी दाराजवळ उभा होतो आणि तिचे नृत्य सुरू होण्याआधीच बाहेर निघून आलो. तिने घरी आल्यावर विचारले, तेव्हा मला खोटे बोलावे लागले. ही गोष्ट मला त्या झटक्यांपेक्षाही जास्त लागली आहे.

आई म्हणते, “काही व्हत नही रे भाऊ, मनले लाई लेऊ नको.” शेजारचे म्हणतात, बाहेरचे काहीतरी आहे. मला उपचार टाळायचे नाहीत, पण पुढच्या आखाजीला पत्नीला मी स्वतः एस.टी.ने धुळ्याला पोहोचवावे अशी माझी मनापासून इच्छा आहे. तोपर्यंत साधारण तीन महिने आहेत. झटका येऊच नये यासाठी मला घरच्या घरी काय करता येईल?

केळीबाग (रावेर तालुका)

भाऊ, तुमचा प्रश्न वाचताना माझी स्वतःची तीन वर्षे डोळ्यांसमोरून गेली. मी केळी उत्पादक आहे, वय 49. मला पहिला झटका झोपेत आला. रात्री दीडच्या सुमारास मी दचकून उठलो, अंग घामाने भिजले होते आणि काळीज तोंडात आल्यासारखे वाटत होते. झोपेतसुद्धा असे होऊ शकते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. पुढे शेतपंपाची वीज रात्री असली की एकट्याने बागेत पाणी भरायला जाण्याची मला धास्ती वाटू लागली. केळीची बाग रात्री कशी असते हे आपल्याकडच्या माणसाला सांगायला नको. पाने हलली तरी कोणी चालते आहे असे वाटते, आणि माझे लक्ष मात्र बाहेरच्या आवाजाकडे नसून सतत आपल्याच छातीकडे असायचे. बोटाला लावायचे ऑक्सिजन मोजण्याचे यंत्र मी खिशात ठेवत असे आणि दिवसातून तीस-चाळीस वेळा नाडी पाहत असे. आकडा 90 च्या वर गेला की घाबरत असे आणि घाबरलो म्हणून तो 110 वर जात असे. हे साधे गणित माझ्या लक्षात यायला दीड वर्ष गेले.

तुमच्या प्रश्नातील शेवटच्या ओळीबद्दल मला नम्रपणे काही सांगायचे आहे. झटका येऊच नये यासाठी काय करावे, हा प्रश्न मीही तीन वर्षे विचारत होतो आणि जोपर्यंत तो विचारत होतो, तोपर्यंत मी बरा झालो नाही. येऊ नये म्हणून जे जे केले, त्या प्रत्येक गोष्टीने माझे जग थोडे थोडे लहान केले. आधी रात्रीचे शेत सुटले, मग बाजार समिती, मग लग्नकार्ये, मग देऊळ. ज्या मानसोपचारतज्ज्ञांकडे मी शेवटी गेलो, त्यांनी पहिल्याच भेटीत विचारले की, आजवर इतके झटके आले, त्यांपैकी किती झटक्यांनी तुम्ही मेलात? प्रश्न ऐकताना मला राग आला होता, परंतु घरी येऊन मी वहीत एकेक झटका लिहून काढला : कुठे आला, तेव्हा काय होईल अशी भीती वाटली आणि प्रत्यक्षात काय झाले. तिसऱ्या रकान्यात प्रत्येक ओळीला मला एकच उत्तर लिहावे लागले, की काही वेळाने ओसरले.

त्यानंतर मी ते यंत्र घरातल्या कपाटात ठेवले आणि चावी पत्नीकडे दिली. झटका येऊ लागला की जिथे असेन तिथेच थांबायचे, पळायचे नाही, बसायचे असेल तर बसायचे, पण घराकडे धाव घ्यायची नाही, असे ठरवले. मनात एवढेच म्हणत असे की, ही लाट आहे, मला ही ठाऊक आहे, तिला यायचे तितके येऊ दे. पहिल्या वेळी ते फार कठीण गेले. बांधावर बसून मी पाटातल्या पाण्याकडे पाहत राहिलो आणि हात थरथरत असताना ते थांबवण्याचा प्रयत्न केला नाही. साधारण दहा मिनिटांत जोर ओसरला आणि मी उरलेल्या ओळींना पाणी देऊनच घरी आलो. त्या रात्री मला जितके समाधान मिळाले, तितके एखाद्या हंगामात चांगला भाव मिळाल्यावरही मिळाले नव्हते.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. खिशातील ती उरलेली गोळी कोणती आहे हे मला ठाऊक नाही, पण अल्प्राझोलाम (घबराट कमी करणारी, गुंगी आणणारी गोळी) किंवा त्या जातीची असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुन्हा सुरू करू नका आणि कोणा मित्राकडूनही घेऊ नका. मी ती सात महिने मनानेच घेत होतो. तिची सवय लागते आणि एकदम बंद केली तर झटक्यांसारखाच त्रास उलट वाढतो. मला ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, मात्रा हळूहळू कमी करत सोडावी लागली.

मेहरूण (जळगाव)

माझ्या आत्येभावाला असाच त्रास होता. त्याने सकाळी तलावावर फिरणे, कपालभाती आणि भस्त्रिका सुरू केली, चहा बंद केला आणि त्याला बराच गुण आला. झटका आल्यावर प्लास्टिकच्या किंवा कागदी पिशवीत श्वास घेतल्याने लगेच आराम पडतो, असेही ऐकले आहे. गोळ्यांपेक्षा हे उपाय निर्धोक वाटतात. गिरणाकाठ यांनी करून पाहावेत.

पांझराकाठ (धुळे)

गिरणाकाठ, मी गेली अनेक वर्षे समुपदेशनाचे काम करते आहे. मेहरूण यांनी आपुलकीने सुचवले आहे आणि फिरायला जाणे, चहा कमी करणे या दोन्ही गोष्टी उपयुक्तच आहेत. तंबाखू किंवा गुटखा असेल तर तोही सोडावा, कारण निकोटीनने हृदयाचे ठोके वाढतात. परंतु पिशवीचा उपाय कृपया करू नये. दमा किंवा हृदयविकाराचा झटका असेल आणि तो पॅनिक समजून पिशवी तोंडाला लावली, तर शरीराला मिळणारा प्राणवायू कमी होऊन जिवावर बेतू शकते. प्लास्टिकच्या पिशवीचा तर विचारही नको. कपालभाती आणि भस्त्रिकेतील जलद उच्छ्वासाने पॅनिकच्या रुग्णाला चक्कर आणि मुंग्या येऊन झटका सुरू होऊ शकतो, त्यामुळे सुरुवातीला ते शांत होण्याचे साधन म्हणून वापरू नये. असे का, हे समजून घेतले की पुढचे सारे सोपे होईल.

धोक्याची जाणीव झाली की मूत्रपिंडांवर असलेल्या अधिवृक्क ग्रंथी ॲड्रेनॅलीन सोडतात. हृदय जोरात चालते, स्नायूंकडे रक्त वळते, घाम फुटतो आणि श्वास वाढतो. वाघ समोर असता तर माणूस पळाला असता आणि हा वाढलेला श्वास कामी आला असता. पण बसच्या बाकावर बसल्या बसल्या जेव्हा आपण गरजेपेक्षा जास्त श्वास घेतो, तेव्हा रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो. त्यामुळे मेंदूच्या रक्तवाहिन्या काहीशा आकुंचन पावतात आणि चक्कर आल्यासारखे, जग दूर गेल्यासारखे वाटते. रक्ताचा आम्लपणा घटल्याने बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात. तुम्ही वर्णन केलेली काच म्हणजे नेमके हेच आहे. गंमत नव्हे, दुःख असे की, श्वास पुरत नाही असे वाटून माणूस आणखी जोराने श्वास घेतो, आणि ज्याची उणीव वाटते त्याचीच रेलचेल करून बसतो.

यापुढची कडी अधिक महत्त्वाची आहे. डेव्हिड क्लार्क या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने 1986 मध्ये पॅनिकची जी मांडणी केली, तिचा गाभा असा की, शरीरातील निरुपद्रवी संवेदनेचा भयंकर अर्थ लावणे हे झटक्याचे मूळ आहे. धडधड झाली, तिचा अर्थ हृदय बंद पडणार असा लागला, त्या अर्थाने भीती वाढली, भीतीने धडधड वाढली आणि वाढलेल्या धडधडीने तो अर्थ खरा ठरल्यासारखा वाटला. रहाटगाडग्यासारखे हे फिरत राहते. आता खानदेशातील मे महिन्याची दुपार पाहा. पारा 44-45 अंशांवर असताना शरीर थंड ठेवण्यासाठी हृदयाचे ठोके वाढतातच, घाम येतोच, पाणी कमी पडले तर डोके हलके होतेच. तुमच्या शरीराने त्या दिवशी उन्हाला दिलेले अगदी योग्य उत्तर तुमच्या मनाने मृत्यूची वर्दी म्हणून वाचले, असे मला तुमच्या वर्णनावरून वाटते. म्हणूनच पुढे बँकेच्या रांगेत किंवा पंगतीच्या गर्दीत थोडे उकडले, तरी तीच वर्दी पुन्हा वाचली गेली असावी.

चक्कर येऊन आपण पडू, ही भीती जवळजवळ प्रत्येकाला असते. बेशुद्ध पडण्यासाठी सहसा रक्तदाब एकदम खाली यावा लागतो आणि पॅनिकमध्ये तो बहुधा वाढलेला असतो. त्यामुळे पॅनिकमध्ये खरोखर शुद्ध हरपणे विरळा. रक्त किंवा इंजेक्शन पाहून ज्यांना घेरी येते, त्यांची गोष्ट वेगळी आहे.

तर मग करायचे काय? केळीबाग यांनी ज्या पायवाटेने वाट काढली, तीच शास्त्राचीही वाट आहे. क्लेअर वीक्स या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी 1960 च्या दशकातच रुग्णांना सांगितले होते की, भीतीला सामोरे जा, तिचा स्वीकार करा, तिच्यावर तरंगत राहा आणि वेळ जाऊ द्या. तरंगणे हा शब्द मला फार नेमका वाटतो. तापीच्या डोहात पडलेला माणूस हातपाय झाडतो तेव्हा बुडतो आणि अंग सैल सोडतो तेव्हा पाणी त्याला धरते.

पाण्याची बाटली, कांदा, गोळी, भावाची मोटारसायकल, दाराजवळची जागा, या सर्वांना आम्ही सुरक्षेचे उपाय म्हणतो. त्यांच्यामुळे तात्काळ हायसे वाटते, हे खरे आहे. पण झटका ओसरल्यावर मन म्हणते की, कांदा होता म्हणून वाचलो. आपण एरवीही वाचलोच असतो, हे शिकण्याची संधी प्रत्येक वेळी निसटते. मे महिन्यात पाणी जवळ बाळगणे हा शहाणपणा आहे, तो सोडू नका. परंतु जानेवारीच्या थंडीत दोन चौकांपलीकडे जाताना बाटली लागते, तेव्हा ती तहानेसाठी नसते, भीतीसाठी असते. हा फरक तुम्हीच प्रामाणिकपणे ओळखायचा आहे.

घरी करण्याजोगा एक सराव आहे आणि तो ऐकायला विचित्र वाटतो. ज्या संवेदनांची भीती वाटते, त्या स्वतः मुद्दाम निर्माण करायच्या. जागेवर एक मिनिट धावायचे, म्हणजे धडधड होईल. उभ्याउभ्या स्वतःभोवती अर्धा मिनिट फिरायचे, म्हणजे घेरी येईल. अर्धा ते एक मिनिट मुद्दाम जलद श्वास घ्यायचा, म्हणजे मुंग्या येतील. मग लगेच पाणी पिऊन किंवा आडवे पडून त्यांना दाबायचे नाही, त्या आपोआप विरेपर्यंत पाहत बसायचे. दररोज काही दिवस केले की मेंदूला हळूहळू पटते की, धडधड म्हणजे केवळ धडधड. मेहरूण, तुमच्या आत्येभावाला भस्त्रिकेने गुण आला त्यामागे कदाचित हेच असेल. त्या संवेदनांची त्याला सवय झाली असेल. म्हणून मी त्या क्रियेला वाईट म्हणत नाही, ती कशासाठी करतो आहोत हे ठाऊक असावे एवढेच म्हणते. हृदयविकार, दमा, फेफरे, गरोदरपण किंवा मानेचा-पाठीचा गंभीर त्रास असेल, तर हा सराव डॉक्टरांना विचारूनच करावा. तुमच्या तपासण्या ठीक आहेत, तरीही एकदा विचारून घ्या.

शांत श्वासाचेही स्थान आहे. पोट वर येईल असा नाकाने सुमारे चार मोजेपर्यंत श्वास घ्यावा आणि सहा मोजेपर्यंत सावकाश सोडावा. दिवसातून दोनदा पाच-सात मिनिटे, झटका नसतानाच, याचा सराव करावा. झटक्याच्या वेळी हा श्वास घेतला तर चालेल, पण तो ताईत होऊ देऊ नका. श्वास मोजला नाही तर मी मरेन असे वाटू लागले, तर तोही कांद्याच्याच रांगेत जाऊन बसतो.

आणखी एक गोष्ट सर्वच वाचकांसाठी. छातीवर दडपण येऊन वेदना डाव्या हाताकडे, जबड्याकडे किंवा पाठीकडे जात असेल, चालताना-जिने चढताना वाढत असेल, किंवा प्रथमच असे होत असेल, आणि विशेषतः वय चाळिशीपुढे, मधुमेह किंवा रक्तदाब असेल, तर पॅनिक समजून घरी बसू नये, 108 ला फोन करून दवाखाना गाठावा. उन्हात अंग तापून बडबड, गोंधळलेपणा किंवा ग्लानी आली तर तो उष्माघात असू शकतो. तिथे तरंगणे वगैरे काही चालत नाही, सावलीत नेऊन अंग पाण्याने भिजवायचे, वारा घालायचा आणि वेळ न दवडता दवाखान्यात न्यायचे.

शहाद्याची (नंदुरबार जिल्हा)

दादा, मी तुमच्या पत्नीच्या जागेवरून लिहिते आहे. माझे यजमान प्राथमिक शिक्षक आहेत आणि त्यांना चार वर्षे हा आजार होता. मी आजार म्हणते, कारण बरीच वर्षे घरात कोणी त्याला आजार म्हटलेच नाही. सासूबाईंच्या आग्रहाखातर आम्ही भगताकडेही गेलो. त्याने उतारा दिला, लिंबू कापले. सासूबाईंना मी दोष देत नाही. मुलगा डोळ्यांदेखत थरथरत असताना, आणि दवाखान्यात काहीच निघाले नाही असे ऐकल्यावर, त्यांना जे दार माहीत होते ते त्यांनी ठोठावले. पण दोन महिने गेले आणि यजमानांच्या मनात आपल्याला काहीतरी लागले आहे, ही दुसरी भीती येऊन बसली, ती काढायला पहिलीपेक्षा जास्त वेळ लागला.

माझी चूक वेगळी होती. त्यांना झटका आला की मी तळपाय चोळत असे, पदराने वारा घालत असे आणि पुन्हा पुन्हा सांगत असे की, काही होणार नाही, काही होणार नाही. बाजार मी करू लागले, मुलांच्या शाळेत मी जाऊ लागले, त्यांच्या मुख्याध्यापकांना खोटी कारणे मीच सांगू लागले. हे सारे प्रेमापोटी होते, पण त्यामुळे त्यांचे शाळा आणि घर एवढेच जग उरले, आणि पुढे शाळेचीही रजा पडू लागली. शासनाची टेली-मानस ही दूरध्वनी सेवा आहे, क्रमांक 14416, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येते. मी एके रात्री ओसरीवर जाऊन तिथे फोन केला. पलीकडच्या ताईंनी माझे सर्व ऐकून घेतले आणि एवढेच विचारले की, त्यांच्याऐवजी तुम्ही जे जे करता, त्यातले कोणते एक काम उद्या त्यांना परत देता येईल? मी दुधाचे काम परत दिले. सकाळी दूध आणायला शंभर पावले जायचे होते.

झटक्याच्या वेळी आता मी फक्त शेजारी बसते. हात मागितला तर देते. डॉक्टरकडे नेऊ का, असे दर मिनिटाला विचारत नाही, घड्याळाकडे पाहत नाही आणि माझा चेहरा जितका शांत ठेवता येईल तितका ठेवते. तो ओसरल्यावर आम्ही जे काम करत होतो ते पुढे चालू ठेवतो, मग ते दादर ज्वारी निवडणे असो की बसची वाट पाहणे.

यजमानांना गोळ्याही लागल्या, हे लपवण्यासारखे नाही. रोज घ्यायच्या ज्या गोळ्या मानसोपचारतज्ज्ञांनी दिल्या, त्यांचा गुण दिसायला काही आठवडे लागले आणि सुरुवातीच्या दिवसांत बेचैनी किंचित वाढलीसुद्धा. तसे होऊ शकते हे डॉक्टरांनी आधीच सांगितले होते म्हणून आम्ही त्या सोडल्या नाहीत. स्वतःचे प्रयत्न आणि औषध यांत वैर नाही, दादा. मन उदास राहू लागले, झोप-भूक गेली, दारूचा आधार घ्यावासा वाटला किंवा जगणे नकोसे वाटले, तर तीन महिन्यांची वाट पाहू नका, त्याच दिवशी जिल्हा रुग्णालय गाठा किंवा त्या क्रमांकावर बोला.

मुलीच्या कार्यक्रमाबद्दल तुम्ही लिहिले ते वाचून फार वाईट वाटले. माझ्या मोठ्या मुलाला आम्ही शेवटी खरे सांगितले की, बाबांच्या शरीरातील धोक्याची घंटा कधी कधी उगाच वाजते. तो आठ वर्षांचा होता. त्याला ते आमच्यापेक्षा लवकर समजले.

गिरणाकाठ (जळगाव)

सर्वांना उत्तर द्यायला सात आठवडे लागले, कारण काही करून दाखवल्याशिवाय लिहायचे नाही असे ठरवले होते.

डॉक्टरांना विचारून पांझराकाठ ताईंनी सांगितलेला सराव सुरू केला. जलद श्वासाचा सराव पहिल्या दिवशी मी वीस सेकंदांत सोडून दिला, कारण मुंग्या आल्या त्या हुबेहूब बसमधल्यासारख्या होत्या. पण तेव्हाच प्रथम पटले की, या मुंग्या मी स्वतः माझ्या श्वासाने माझ्या खोलीत बनवल्या आहेत. दुसऱ्या आठवड्यात मला तो सराव चक्क कंटाळवाणा वाटू लागला. हे ताईंना सांगितले असते तर त्यांना आनंद झाला असता, असे वाटले.

त्यानंतर बसची पायरी. प्रथम तीन दिवस केवळ नव्या बसस्थानकावर जाऊन अर्धा तास बाकावर बसून आलो. मग पाळधीपर्यंत गेलो, सुरुवातीला भाऊ सोबत होता, नंतर एकटा. मग एरंडोल. एरंडोलच्या फेरीत परतताना झटका आला, पूर्ण जोराचा. मी खिडकी सोडून मुद्दाम मधल्या बाकावर बसलो होतो. उतरून जावे असे इतके तीव्र वाटले की मी उभाही राहिलो. मग केळीबाग दादांची वही आठवली आणि पुन्हा बसलो. शेजारी एक आजी मांडीवर वांग्यांची पिशवी घेऊन बसल्या होत्या, त्यांनी विचारले, “मळमळस का रे भाऊ?” मी म्हणालो, “नही आजी, जीव घाबरस, व्हई जाई बरं.” अनोळखी माणसाजवळ हे मी पहिल्यांदाच बोललो. त्यांनी मान हलवली आणि भरताच्या वांग्यांचा भाव सांगू लागल्या. पाळधी येईपर्यंत जोर ओसरला होता. जळगावला उतरलो तेव्हा सदरा घामाने भिजला होता, पण मी ठरलेल्या ठिकाणी उतरलो होतो.

कांदा सुटला. गोळी डॉक्टरांना परत दाखवली, त्यांनी ती टाकून द्यायला सांगितले. पत्नीला शहाद्याच्या ताईंचे उत्तर वाचायला दिले, तिने ते दोनदा वाचले आणि दुसऱ्या दिवशी वीजबिल भरण्याचे काम माझ्याकडे आले. मुलीला अजून सांगितलेले नाही.

आता मार्च सुरू झाला आहे आणि ऊन चढू लागले आहे. पारोळ्यापर्यंत दोनदा जाऊन आलो, परंतु दोन्ही वेळा सकाळी सातच्या गाडीने. पारोळा ते मुकटी हा टप्पा, आणि तोही दुपारी, मला अजून जमेल असे वाटत नाही. आखाजीला सकाळच्या गाडीनेच जावे, की दुपारचाही सराव करावा?

केळीबाग (रावेर तालुका)

एरंडोलच्या फेरीचे वाचून डोळे भरून आले, भाऊ. उभे राहून पुन्हा बसलात, ती फेरी मी सर्वांत मोठी मानतो.

पांझराकाठ (धुळे)

आनंद झाला, आणि तो इथे लिहून कळवल्याबद्दल आभार.

आखाजीला लहान मूल सोबत असेल, म्हणून सकाळच्या गाडीनेच जा. ऐन उन्हात कोणीही विनाकारण प्रवास करू नये आणि ते टाळणे म्हणजे भित्रेपणा नव्हे. परंतु उकाड्याची संवेदना तुमच्या भीतीशी जोडली गेली आहे, म्हणून तिचा सराव वेगळा करावा लागेल, आणि तो आताच, मार्चमध्ये, ऊन सोसण्याजोगे असताना सुरू करणे सोयीचे आहे. सायंकाळी चार-साडेचारच्या गाडीने, पुरेसे पाणी पिऊन, आधी पाळधी, मग एरंडोल असे पुन्हा पहिल्या पायरीपासून जा. सकाळी जिंकलेले गाव दुपारी पुन्हा जिंकावे लागते, त्यात मागे पडल्यासारखे काही नाही. घरी पंखा बंद करून, जाड सदरा घालून जागेवर धावण्याचा सराव एखादे मिनिट करता येईल, घाम आणि धडधड दोन्ही एकत्र येतील. घेरी वाढली किंवा डोके ठणकू लागले तर मात्र थांबावे.

पारोळ्यापुढचा टप्पा सकाळी एकदा पत्नीसोबत आणि एकदा एकट्याने करून घ्या. जमले तर मुकटीला उतरा आणि त्या निंबाखाली थोडा वेळ बसून पुढच्या गाडीने धुळ्याला या.

शहाद्याची (नंदुरबार जिल्हा)

आणि त्या फेरीला निघण्याच्या आदल्या रात्री मुलीला सांगा, दादा. आपण कुठे आणि कशासाठी चाललो आहोत, एवढेच सांगितले तरी पुरे. शाळेच्या कार्यक्रमाबद्दल तीच विचारील.